ग्राफवरची तुटक रेघ

कॅममास्तरांना सगळे कॅममास्तर म्हणत. त्यांची लेकसुद्धा चारचौघांत तेच म्हणे, आणि त्यांना ते मनापासून आवडे. इंजिनातल्या व्हॉल्व्हची दारं किती उघडायची आणि किती वेळ, हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. चाळीस वर्षं त्यांनी ते दांडे घासले होते. आपल्या हातचा कॅम बसला की मेलेलं इंजिनही उठून बसतं, अशी त्यांची खात्री. खात्री कसली, गर्वच तो. पण फुकटचा नव्हता.

मग सुपरचार्जर आले. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबायची आणि ताकद वाढवायची. त्यांची पुली काढून जरा लहान बसवली की ते आणखी जोरात फिरतात, आणखी हवा कोंबतात, आणि अर्ध्या दिवसात गाडी अशी पळते की कॅमसाठी तीन आठवडे थांबायला कोण तयार होणार? मास्तरांचं ग्राइंडिंग मशीन वर्षभर कापडाखाली पडून होतं. गॅरेज आता लेकीच्या हातात होतं आणि तिला रंगकामाला खोली हवी होती. ती तोंडाने काही बोलली नव्हती, पण टेप घेऊन मशीनचा कोपरा दोनदा मोजून गेली होती. मास्तर काही आंधळे नव्हते.

एक दिवस दातांचा डॉक्टर आपली सुपरचार्जरवाली गाडी घेऊन आला. त्याला गाडीचं भारी वेड, आणि अक्कल मात्र दातांपुरतीच. "कॅमशाफ्ट भारीतले टाकून घेऊ का? फरक पडेल?"

"नका टाकू," लेक म्हणाली. "तुमच्या इंजिनात आधीच हवा कोंबलेली असते. दारं जास्त वेळ उघडी ठेवली तर ती आत थांबतच नाही, सरळ सायलेन्सरमधून बाहेर जाते. पुली लहान करू, काम झालं."

"हवा कोंबायला काय अक्कल लागते?" मागून मास्तर कडाडले. "ते सायकलच्या पंपालाही जमतं! मी पंचवीस हॉर्सपॉवर वाढवून दाखवतो. त्याच पुलीवर. नाही वाढले तर मशीन भंगारात दे आणि कर तुझी रंगाची खोली."

डॉक्टरला फुकटची गंमत मिळाली. "घ्या माझी गाडी," तो म्हणाला.

तीन आठवडे मास्तरांना तहानभूक सुचली नाही. माप घेताना हात थरथरे, तेव्हा ते कोपर टेबलावर दाबून, श्वास रोखून धरत. लेक ते दारातून बघे आणि निघून जाई.

चाचणीच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चष्म्याचं काम उरकून या. इंजिन तापायला वेळ आहे." नवा चष्मा करायला टाकून मास्तर परतले, तोवर गाडी रोलरवर पळवून ताकद मोजून झाली होती. तिने ग्राफ पुढे धरला. एकतीस हॉर्सपॉवर वाढले होते.

मास्तरांनी सगळ्यांसाठी चहा-बिस्किटं मागवली आणि ज्या जुन्या सोबत्याने त्यांना 'आता घरी बसा' म्हणून सुनावलं होतं, त्याला फोन करून आकडा दोनदा ऐकवला. ग्राफवर सही मात्र केली नाही. प्रत्येक रेघ वाचल्याशिवाय सही नाही, आणि सहीशिवाय ग्राफ गिऱ्हाइकाच्या हातात नाही, हा त्यांचाच नियम. "उद्या चष्मा येतो, मग निवांत वाचतो," ते म्हणाले. वाचण्याची हौस होती हो त्यांना, ग्राफवर शंका नव्हती.

सकाळी नवा चष्मा लावून ते ग्राफ घेऊन बसले. सलग रेघ ताकदीची. तुटक रेघ आत कोंबलेल्या हवेच्या दाबाची. ताकद चढली होती, ठीकच. पण दाबही चढला होता.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दारं मोठी उघडली की हवा अडत नाही. ताकद वाढते तेव्हा दाब उतरतो. चांगल्या कॅमची खूण तीच, आणि लेक बारा वर्षांची असताना तिला ती त्यांनीच शिकवली होती.

त्यांनी बॉनेट उघडून पुलीला बोट लावलं. पुली बोटभर लहान होती. जुनी पुली लेकीच्या खणात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली सापडली.

लेक आली तेव्हा ती पुली टेबलावर ठेवलेली होती.

"खरा आकडा सांग," मास्तर म्हणाले.

"जुन्या पुलीवर सहाच वाढले. तेही अगदी वरच्या वेगाला. मधल्या वेगात उलट चौदा कमी झाले." ती घाईने पुढे बोलली, "इंजिनाला धोका नाही बाबा, पेट्रोल सगळं नीट जुळवलंय. आणि मशीन राहू दे. खोली मी मागच्या बाजूला काढते."

"म्हणजे तुझंच बरोबर होतं."

"तुमचा हात थरथरताना बघवत नव्हतं मला."

"मग तसं सांगायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी." त्यांनी ग्राफ तिच्यापुढे सरकवला. "बरं वाटावं म्हणून ग्राफ गिऱ्हाइकाला दाखवतात, पोरी. मी कधीपासून गिऱ्हाईक झालो तुझा?"

ती रडू लागली. तेवढ्यात डॉक्टर हसत आत आला आणि तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

"एकतीस म्हणे! खरं सांगा मास्तर, कॅमचीच कमाल ना ही?"

मास्तरांनी लेकीच्या पाठीकडे बघितलं. खरं बोललं तर या गॅरेजच्या ग्राफवर पुन्हा कोण विश्वास ठेवणार होतं? आणि गॅरेज तर तिचं होतं. आजवर इंजिनाबाबत ते कुणाशी खोटं बोलले नव्हते.

"ग्राफच आहे की समोर," ते म्हणाले आणि सही केली. ती वाकडीतिकडी आली.

"हात थरथरतोय हो तुमचा. आनंदाने?"

"तर काय."

डॉक्टर गाडी घेऊन गेला. मास्तरांनी मशीनची वायर काढली, नीट गुंडाळली आणि मशीनवरच ठेवली.

"भंगारवाल्याला बोलाव," ते लेकीला म्हणाले. "आणि कुणी विचारलं तर सांग, जिंकून बंद केलं."