वर आलेला पाय

मंदिरात, बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर तोललेल्या कुंडात थेल्डा पांढऱ्या कपड्यांत उभी होती. सासू कधी त्यांच्या चर्चची झाली नव्हती, म्हणून आता मेलेल्या सासूच्या वतीने ती बाप्तिस्मा घेत होती. नवरा ऑरिनने आईचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली आणि थेल्डाला पाण्याखाली नेलं.

"पाय वर आला," काठावरची साक्षीदार बाई म्हणाली. "सगळं अंग बुडायला हवं. पुन्हा."

दुसऱ्यांदाही पाय वर आलाच.

"बघ तुझ्या आईचा हट्ट!" थेल्डा तोंडावरचं पाणी निपटत म्हणाली. "जन्मभर आपल्याला 'मढी बुडवणारे' म्हणून हिणवलं, अजून ऐकत नाही."

ऑरिन हसला नाही. "पाय तुझा आहे, थेल्डा."

ती हळूच म्हणाली, "शेवटच्या दुखण्यात माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही रे तिने."

"आताही नको असेल तर ती तिकडे नाही म्हणेल. तेवढी मोकळीक आहे तिला. आपण फक्त विचारायचं."

थेल्डाने नाक चिमटीत धरलं, गुडघे वाकवले आणि दोन्ही पाय तळाशी घट्ट रोवले.

"चल," ती म्हणाली. "आणखी एकदा पाणी देऊन बघते."