नर म्हणून मांडलेली

मी बोलते आहे. ‘बोलतो आहे’ असे ऐकण्याची तुमची तयारी असेल, तर दोष तुमचा नाही. ज्या घरात मी काचेच्या पेटीत उभी होते, तेथे येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख नर म्हणूनच करून दिली जात असे.

मी एक ब्राँशू आहे. लुइझियानाच्या दलदलीतले लोक आम्हा रानबदकांना हेच नाव देतात. अर्थ एवढाच, की फांदीवर बसणारा. इतर बदके पाण्यावर विसावतात, आम्ही झाडावर. माझा जन्म एका जुन्या सायप्रस वृक्षाच्या ढोलीत झाला. अंड्यातून बाहेर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईने खाली पाण्यावरून हाक मारली, आणि अंगावर नुसती लव असताना आम्ही भावंडांनी त्या उंचीवरून उड्या टाकल्या. हाक खरी की खोटी, हे कोणी तपासले नाही. पिलाला आईच्या शब्दावाचून दुसरा आधार नसतो.

आमच्यातला नर म्हणजे देवाने सवडीने रंगवलेला पक्षी. हिरवी-जांभळी लांब शेंडी, गळ्याखाली पांढरी पट्टी, निखाऱ्यासारखा डोळा. मी मात्र चिखलाच्या रंगाची, डोळ्याभोवती एक पांढरे वलय तेवढे. अंडी उबवणारीने कोणाच्या नजरेत भरू नये, ही देवाची योजना. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

एल्फेज नावाचा शिकारी याच पाण्याकाठी म्हातारा झाला. त्याने आमची कुळेच्या कुळे मारली. पण मारली ती खाण्यासाठी. आमच्या मांसाचा रस्सा भातावर ओतून खाणे हा त्या घरचा हिवाळा होता. जेवणाआधी प्रार्थना होई, आणि हाडे कुत्र्याला जात. अशा माणसाच्या हातून मरण्यात अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही.

पुढे त्याच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला. ज्या वस्तूकडे तो रोखून पाही, नेमकी तीच नाहीशी होई. कडेकडेचे तेवढे दिसे. डाग पसरत जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

“मला एक नर हवाय,” तो बायकोला म्हणाला. “पेंढा भरून घेईन. समोर ठेवून बघत बसेन.”

क्लोतिल्द जपमाळ ओढत होती. तिने ती खाली ठेवली नाही. “देवानं खायला दिलंय ते, म्हाताऱ्या. मांडून ठेवायला नाही.”

“जन्मभर त्याला पातेल्यातच बघितलं गं. एकदा नीट बघू दे.”

तिने जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

मांडायचा पक्षी मिळवणे आणि खायचा पक्षी मारणे, ही दोन वेगळी कामे आहेत. मांडायच्या पक्ष्याची पिसे पूर्ण भरलेली लागतात, म्हणून हिवाळा सरत येईपर्यंत थांबावे लागते. छर्रे डोक्याला लागता कामा नयेत. मेल्यावर त्याला मानेला धरून उचलायचे नाही. एल्फेजला हे सारे पेंढा भरणाऱ्याने बजावून सांगितले होते. शिकारीचा हंगाम संपायच्या शेवटच्या दिवशी तो सपाट तळाची होडी घेऊन आमच्या पाण्यावर आला. वल्ही जावयाच्या हाती होती. जावयाचे नाव ड्युरेल. मनाने मऊ, आणि मऊपणालाच चांगुलपणा समजणारा.

“बंदूक मला द्या, पापा,” ड्युरेल हळूच म्हणाला. “मी पाडतो, तुम्ही दाखवा फक्त.”

“म्हणजे तो तुझा झाला. माझा कसा?” एल्फेज म्हणाला. “आणि हे बघ पोरा, उजाडताना रंग तुलाही दिसणार नाही. पुढे ओरडत जाते ती मादी. तिच्या मागे गप्प उडतो तो नर. मागच्यावर नेम धरायचा. डोळ्यांचं काम नाहीच हे.”

त्याचे बरोबर होते. एरवी आम्ही तशाच उडत असू. पण त्या पहाटे होडीचा धक्का बुंध्याला बसला आणि माझा नर आधी उठला. मी त्याच्या मागे ओरडत उठले. धुक्यात आवाज झाडांवर आपटून भलतीकडून येतो. एल्फेजला तो पुढून आल्यासारखा वाटला असावा. त्याने मागच्यावर नेम धरला. नेम अचूक होता.

नराने पाण्यावर एक घिरटी घातली आणि तो गेला. त्याने थांबायला हवे होते, असे मी कोणाला सांगत नाही.

ड्युरेल कमरेइतक्या पाण्यात उतरून माझ्यापाशी आला. त्याने मला तळहातांवर उचलले, पाहिले, आणि तो तसाच उभा राहिला.

“गप्प का रे?” होडीतून हाक आली. “कुठला आहे? नर ना?”

ड्युरेलने होडीकडे पाहिले. म्हातारा डोके तिरके करून, नजरेच्या कडेने धुके चाचपत होता.

“नरच आहे, पापा. राजा आहे नुसता!”

“डोळा? लाल आहे?”

“निखाऱ्यासारखा लाल.”

एवढे बोलून त्याने मला घाईने क्लोतिल्दच्या जुन्या पायमोज्यात डोक्याकडून सरकवले. पिसे विस्कटू नयेत म्हणून तशी रीतच आहे. त्या दिवशी ती रीत खोट्याच्या कामी आली. एल्फेजने मला मांडीवर घेतले. मोज्यावरून हात ठेवून तो परतीच्या वाटेवर हसत होता. “अजून ऊब आहे,” तो म्हणाला. मी जड झाले होते, तरी त्याच्या हाताचे वजन मला जाणवले.

माझे मांस कोणी खाल्ले नाही. क्लोतिल्दला ते फार लागले. पेंढा भरणाऱ्याने माझी कातडी सोलून घेतली आणि बाकीचे टाकून दिले. पेंढा हा नुसता शब्द आहे. आत फोमचा साचा असतो. डोळे काचेचे, पायांत तार, चोचीवर रंग. कातडी आणि पिसे एवढीच माझी. त्याने मला मादी म्हणूनच मांडले, आणि चांगले मांडले. त्याला कोणी खोटे बोलायला सांगितले नव्हते.

पण त्याच्याकडे काम साचलेले होते. मी घरी आले तोवर दुसरा हिवाळा उलटून गेला होता, आणि एल्फेजच्या नजरेच्या कडाही गेल्या होत्या. मधल्या त्या हिवाळ्यात ड्युरेलला खरा नर मारून आणता आला असता. त्याने आणला नाही. खोटे एकदा घरात रुळले, की ते हलवण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

मात्र बदके सोलण्यात जन्म गेलेल्या बोटांना माझी आखूड शेंडी लागली असती, तर एका क्षणात सारे कळले असते. म्हणून ड्युरेलने मला काचेची पेटी केली. “हात लावला की पिसं झडतात, पापा. तो कारागीरच म्हणाला तसं.”

एल्फेज पेटीसमोर बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझे वर्णन करी. हिरवी शेंडी, पांढरी गळपट्टी, लाल डोळा. पाहुणे आधी माझ्याकडे पाहत, मग ड्युरेलकडे, आणि मान डोलवीत. आंधळ्यासमोर मान डोलवून काय होते, हे मला कधी समजले नाही.

क्लोतिल्द खोटे बोलत नसे. तो विचारी, “कसा दिसतो गं?” ती म्हणे, “सुंदर आहे.” हे खरे होते, म्हणूनच अधिक वाईट होते.

ऑक्टोबर संपता संपता आल्सीद आला. हा एल्फेजचा जुना शेजारी. टेक्सासात लेकीकडे राहायला गेला होता, तो सर्व संतांच्या सणाआधी घरच्या कबरींना चुना लावायला परतला होता. त्याला कोणी आधी सावध केले नव्हते. कॉफीचा कप हाती घेऊन तो पेटीपुढे वाकला.

“बघ, बघ नीट!” एल्फेज म्हणाला. “असा नर तुझ्या बापानं तरी पाडला होता का?”

“नर?” आल्सीद खो खो हसला. “लेका, नवऱ्यावर नेम धरलास आणि बायकोला घेऊन आलास की! ही मादी आहे मादी!”

कोणीच हसले नाही. आल्सीदला कळले, पण उशिरा. त्याने कप खाली ठेवला.

“क्लोतिल्द,” एल्फेज म्हणाला. “काय आहे ते?”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मादी आहे,” ती म्हणाली.

एल्फेजने पेटी चाचपली आणि काच उचलून बाजूला ठेवली. त्याची बोटे माझ्या डोक्यावरून मागे गेली. शेंडी जिथे संपायला नको होती तिथे संपली.

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, पापा...” ड्युरेल म्हणाला.

“परवा पाणी ओसरलंय म्हणालास.”

“ते खरं सांगितलं होतं.”

“डोळा लाल आहे, तेही असंच सांगितलं होतंस.” म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. “वाईट वाटून माणूस मरत नाही, पोरा. मी तुझ्या डोळ्यांनी बघत होतो.”

क्लोतिल्दने त्या शनिवारी चर्चमध्ये जाऊन आपल्या मौनाची कबुली दिली. देवाने क्षमा केली असेल. ते त्याच्या हाती आहे. एल्फेजने राग धरलाच नाही, त्यामुळे त्याच्याकडे क्षमा मागायला जागाच उरली नाही. ड्युरेलने नवा नर आणून देण्याची गोष्ट काढली. “कशाला?” एवढेच उत्तर मिळाले.

आता मी पेटीबाहेर, खिडकीच्या कठड्यावर असते. पाठीच्या पिसांना कसर लागली आहे. मला कोणी सोडवावे, असे माझे म्हणणे नाही. सोडवण्यासारखे आत काही नाही. मागणे एवढेच, की ज्याची दृष्टी गेली, त्याला तुमचा शब्द हाच प्रकाश आहे. दयेपोटीदेखील तो विझवू नका. ज्याने डोळे दिले आणि घेतले, तो याचा हिशेब विचारील.

पूर्वी एल्फेज सकाळी उठला की विचारी, आभाळ कसे आहे, धुके आहे का, कोण चालले आहे. हल्ली तो काही विचारत नाही. आज ड्युरेल आपणहून म्हणाला, “पापा, बाहेर लख्ख ऊन पडलंय. चला, बसू या ओसरीवर.”

“असेल,” एल्फेज म्हणाला, आणि त्याने खुंटीवरचा रेनकोट चाचपून अंगात घातला.

ऊन खरोखरच पडले होते.