कायमची जाळी

आईच्या पित्तनलिकेत खडा अडकलाय, असं दोघा भावंडांनी तिला सांगून टाकलं होतं. खरं तर स्वादुपिंडातली गाठ त्या नळीला दाबत होती. गाठ कर्करोगाची, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली. खड्याची कल्पना धाकट्याची. थोरलीनं मान डोलावली, कारण त्या दिवशी तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आई हळदीसारखी पिवळी पडली होती, पण तिला छळत होती ती खाज. पित्त तुंबलं की अंगभर सुटते आणि औषधांना फारशी दाद देत नाही. झोपेत ती स्वतःला ओरबाडायची, म्हणून थोरलीनं तिची नखं पार मुळापर्यंत कापली होती.

नळी मोकळी करायला आत स्टेंट बसवायचा होता. आईला बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी भावंडांना दोन्ही प्रकार समजावले. प्लॅस्टिकची नळी बारीक. साधारण तीन महिन्यांत गाळानं बुजते. मग ताप, पुन्हा कावीळ, पुन्हा तोंडातून दुर्बीण घालून ती बदलायची. धातूची जाळी आत गेल्यावर उलगडून रुंद होते, बहुधा जास्त टिकते. पण बसली की बसली, काढता येत नाही.

"मी यांना जाळीच घालीन," बाई म्हणाल्या.

"प्लॅस्टिकच घाला," धाकटा म्हणाला. "खड्यासाठी कायमची जाळी, हे आईच्या गळी कसं उतरवायचं?"

"म्हणजे तुमची गोष्ट टिकावी म्हणून त्यांनी तापानं फणफणत परत यायचं?"

धाकटा हातातली फाईल चाळू लागला.

"पेशंटच्या हातात नमुने दिल्याशिवाय मी सही घेत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही. बोलवा त्यांना."

आई येऊन बसली. बाईंनी चष्म्याच्या जुन्या डबीतून दोन्ही नमुने काढून तिच्या तळहातावर ठेवले.

"ही तर पेनातल्या कांडीएवढी," आई म्हणाली. "तुंबेल की."

"तुंबते, मावशी. मग बदलतो."

"आणि ही?"

"ती तिथंच राहते."

आईनं जाळी चिमटीत दाबली, सोडली. ती फुलून पुन्हा होती तशी झाली.

"खडा निघाल्यावर हिचं काय काम?"

"अगं, म्हणून तर प्लॅस्टिकची..." धाकट्यानं घाईनं तोंड घातलं.

"तू गप्प बस. शाळा बुडवायची असली की तुझं पोट दुखायचं, तेव्हाही असाच भरभर बोलायचास." ती थोरलीकडे वळली. "तू सांग. खडा आहे?"



"नाही, आई. गाठ आहे. कॅन्सरची. काढता येण्यासारखी नाही."

आई मनगट चोळत राहिली. नखं नसलेल्या बोटांनी खाजवल्याचं समाधान होत नव्हतं.

"वाटलंच मला. खड्यापायी तुझे डोळे एवढे सुजले नसते." मग तिनं बाईंना विचारलं, "खाज कशानं जाईल?"

"दोन्हींनी. जाळीनं ती परत यायची शक्यता कमी."

"मग जाळी घाला. इथल्या खुर्च्यांवर फार वेळ बसवत नाही."

जाळी बसली. हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा उतरला, खाज थांबली, आई रात्रभर झोपू लागली. गाठ होती तिथंच होती, आणि आता घरात तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलणं व्हायचं.

एका दुपारी थोरली सवयीनं नेलकटर घेऊन पलंगावर टेकली. आईनं हात मागे घेतला.

"राहू दे आता. संत्रं सोलायला नखं लागतात. तुझा भाऊ सोलून देतो, पण निम्मा गर सालीलाच ठेवतो."