गंमतगडावरची भाकरी

मी भांडखोर आहे असं माझ्या सासरी सगळे म्हणतात. म्हणू देत. तुमच्या पोरीला कुणी हसत हसत विष चारलं असतं तर तुम्ही काय त्याच्या गळ्यात हार घातला असता?

विष म्हणजे गहू. हसू नका, खरंच गहू. माझी शॅरन सहा वर्षांची होईपर्यंत तिच्या हातापायांच्या काड्या होत्या आणि पोट टमटमीत फुगलेलं. दिवसाला आठ-आठ जुलाब. नगरमधले डॉक्टर झाले, जंताची औषधं झाली, चर्चमध्ये साक्ष देणाऱ्या माझ्या सासूबाईंनी गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टसुद्धा काढली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरनं आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, सिलियाक. गहू, मैदा, रवा हिच्या आतड्याला चालत नाही. आयुष्यभर. कणसुद्धा नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हवं तेवढं खाऊ द्या. सहा महिन्यांत पोरीनं चार किलो वजन घेतलं आणि पहिल्यांदा शाळेत धावण्याच्या शर्यतीत उभी राहिली.

तेव्हापासून माझा जन्म पिठात चाललाय. गिरणी उघडायच्या आधी मी दारात उभी. जात्यात आदल्या दिवसाचा गहू अडकलेला असतो, म्हणून आधी दोन ओंजळी ज्वारी दळून टाकून द्यायची, मग आपली दळायची. गिरणीवाला मला वेडी म्हणतो. म्हणू दे.

पण सासूबाईंना हे पटेल तर शपथ! आमच्या सासूबाई, छबूबाई, राहतात मिरजगावला. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, आणि आता देवानं चपातीचे दिवस दाखवलेत तर नातीच्या ताटात परत भाकरी, हे त्यांना अपमानासारखं वाटतं. "घरात गव्हाची कोठी भरलीय आन् पोरगी भाकर खाती! लोक काय म्हनतील?" मागच्या नाताळात त्यांनी तिला माझ्यामागं करंज्या चारल्या. पाच. पोर आठ दिवस सलाईनवर होती. सासूबाई म्हणाल्या, पाणी बाधलं. माझी नणंद माधुरी म्हणाली, "वहिनी, तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंय, म्हणून तिला होतं." तेव्हा मी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि आमचे हे! एडविन. कचेरीत हेडक्लार्क. दोन्ही बाजूंच्या कागदांवर सही करायची सवय. ९८च्या मे महिन्यात माधुरी मुलांना घेऊन सुट्टीला आली, तेव्हा ह्यांनी मिरजगावहून सासूबाईंनाही बोलावलं आणि ठरवलं की सगळ्यांनी मिळून गंमतगडाला जायचं. कोल्हारच्या पुढं मनमाड रोडला तो नवीनच निघाला होता. प्लास्टरचा किल्ला, पाण्याच्या घसरगुंड्या, झुकझुक गाडी, फायबरचा हत्ती. निघायच्या आधी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "हन्ना, मला रोजच्या कटकटीचा वीट आलाय. आज एक दिवस तमाशा न करता तिला सांभाळून दाखव. तुझ्या हातचं खाऊन ती धडधाकट राहिली तर मी तुझ्या बाजूनं. नाहीतर उद्यापासून शाळा उघडेपर्यंत ती मिरजगावला राहील आणि आई देईल ते खाईल."

शॅरन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी पहाटे उठून भाकरी केल्या होत्या, भात, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. सगळं डब्यात. गंमतगडाच्या फाटकावर रखवालदारानं पिशवीत हात घातला आणि डबा बाहेर काढला.

"बाहेरचं खानं आत न्याया बंदी हाय."

"पोरीचं औषध आहे ते," मी म्हटलं.

"औषध? ह्ये तर भाकर हाय की!"

मी पुण्याच्या डॉक्टरचं पत्र काढलं. रांग तटली. मॅनेजर आला, शर्टाला गॉगल अडकवलेला. पत्रावर नजरसुद्धा न टाकता म्हणाला, "मॅडम, आत चार हॉटेलं आहेत. लहान मुलांसाठी चपात्या अगदी मऊसूत मिळतात."

"चपातीच नको आहे हो! कान आहेत की भोकं?"

"हन्ना," ह्यांनी माझा दंड धरला. "पहिल्या फाटकातच?"

मागून माधुरी खुदकन हसली. मी डबा त्या मेल्याच्या हातात दिला आणि आत गेले. तेवढ्यासाठी मी स्वतःला अजून शिव्या देते.

बारा वाजेपर्यंत पोरं पाण्यात होती. शॅरन इतकी हसत होती की मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं त्या चार हॉटेलांत फिरत होतं. एकेक पाहून आले. चौपाटीवर पावभाजी आणि भेळ, भेळेत पुरी आणि शेव एकाच हातानं टाकणारा माणूस. पंजाबी ढाब्यात नान आणि पराठे. चायनीजमध्ये मैद्याचे नूडल्स. भात मागितला तर त्यात घालायचा डाव आधी नूडल्समध्ये बुडवलेला. "जरा धुऊन घ्या" म्हटलं तर तो पोऱ्या माझ्याकडं बघत पँटला डाव पुसून मोकळा झाला!

चौथं होतं 'गावरान चूल'. पुठ्ठ्याची बैलगाडी, कंदील, आणि मधोमध खऱ्या चुलीपुढं एक बाई भाकरी थापत बसलेली. नऊवारी, नाकात पितळी नथ, पुण्याहून आलेले लोक तिच्याजवळ बसून फोटो काढत होते. बायडाबाई तिचं नाव. पन्नाशीची असेल. शेजारच्या कढईत पुऱ्या तळणं चालू होतं आणि तीच बाई उठून पुऱ्यांचा गोळा सारखा करून परत भाकरीला बसत होती. तेच हात!

मी आत घुसले. "उठा. माझ्या पोरीची भाकरी मी करणार."

"बाई, गिऱ्हाईकाला आत याया न्हाई."

"न्हाई तर न्हाई. उठा आधी."

परात मी स्वतः राखेनं घासली, तीन पाण्यांनी धुतली. तवा घासला. हात कोपरापर्यंत धुतले. बायडाबाई पदराला हात पुसत बाजूला उभी, तोंड एवढंसं झालेलं. बाहेरून सासूबाई आणि माधुरी बघत होत्या, आणि माधुरी मोठ्यानं म्हणाली, "सुट्टीला आणलं तरी वहिनी चुलीपुढंच!" लोक हसले. ह्यांनी मान फिरवली.

"पीठ कुठलं? ज्वारीचंच ना?" मी विचारलं.

"ज्वारीचंच हाय, पन बाई, त्यात—"

"पण-बिण काही नको. ज्वारीचं आहे ना? मग झालं. मला भाकरी शिकवू नका. वीस वर्षं थापतेय."

तिनं तोंड मिटलं. मी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. एखाद्याचं तोंड कसं मिटवायचं ते मला बरोबर येतं.

पीठ मळताना हाताला जरा ओढ लागली. कळलं मला. आमची ज्वारी मळताना अशी चिकटून येत नाही, बोटांखाली सुटते. पण माझ्या पाठीवर त्या दोघींचे डोळे होते, आणि मी मनाशी म्हटलं, मालदांडी ज्वारी असेल, चांगली असेल. भाकरी परातीत सरसर मोठी झाली, कडेला एक चीर नाही. तव्यावरून चुलीत उभी केली तशी टम्म फुगली. फोटोवाल्यांपैकी एक बाई म्हणाली, "वा, काय सुंदर!" आणि मी खुशाल फुशारले.

पुऱ्या, श्रीखंड, मसालेभात असं सगळ्यांचं ताट आलं. शॅरनपुढं दोन भाकरी आणि वाटीभर दही. जेवणाआधीची प्रार्थना आमच्यात मोठं माणूस करतं. सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि आवाज चढवला.

"हे स्वर्गीय बापा, आजच्या अन्नासाठी तुझे आभार. तू दिलेल्या अन्नाला जी नावं ठेवत्यात, त्यांना सद्बुद्धी दे. ज्या घरात पाहुण्यांपुढं नाक कापलं जातंय, त्या घरावर दया कर..."

अशी ती देवाला लिहिलेली माझी तक्रार लांबत चालली. डोळे मिटून मी दात खात होते. तेवढ्यात शॅरननं माझी बाही ओढली.

"मम्मी," ती कुजबुजली. "ही ओढली जातेय. आपली मोडते."

"प्रार्थना चालू आहे," मी डोळे न उघडता म्हटलं.

"मम्मी, बघ ना. रबरासारखी—"

"गप्प."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांनी डोळे उघडले. शॅरनच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. माधुरी वाकून म्हणाली, "का गं शॅरी? आता मम्मीची भाकरीपण चालेना का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंनी ह्यांच्याकडं पाहिलं.

"खा," मी म्हटलं. "एक शब्द बोलायचा नाही. सगळी संपव."

तिनं खाल्ली. दोन्ही भाकरी. दह्यात बुडवून, खाली मान घालून, शेवटच्या घासापर्यंत. माझी मुलगी शहाणी आहे हो, फार शहाणी आहे.

जेवणं झाली तशी मी तिला हात धुवायला मागच्या नळावर नेलं. बायडाबाई तिथं परात घासत बसली होती. तिनं नथ काढून कनवटीला लावली होती.

"बाई, रागवू नगा," ती म्हणाली. "म्या मगाशी सांगत हुते, तुमी बोलूच दिलं न्हाई. त्या पिठात म्यानेजर गव्हाचं पीठ मिसळाया लावतो. चार वाट्याला एक. नुसत्या ज्वारीची चिरती, फोटूत चांगली दिसत न्हाई म्हनून. लेकराला चालतंय नव्हं?"

नळ चालू होता. मी तो बंद केला नाही. शॅरननं आधी बायडाबाईकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"चालतं," मी म्हटलं.

असं का म्हटलं? मला काय माहीत! त्या बाईला खरं सांगितलं असतं तर तिनं काय माझा जीव घेतला असता? पण मी तिला सगळ्यांदेखत उठवलं होतं, आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. मी शॅरनचा हात घट्ट धरून परत आले. मनात म्हणत होते, थोडंच होतं, चार वाट्याला एकच, देवा, एवढी वेळ निभावून ने. त्याच देवाला, ज्याच्याकडं सासूबाई माझी तक्रार करून आल्या होत्या.

अडीच वाजता झुकझुक गाडीतून उतरताना तिनं पोट धरलं. फायबरच्या हत्तीपाशी पोचेपर्यंत ओकली. मग परत. मग तिचे पाय गेले. मी तिला मांडीवर घेतलं, कपाळ गार पडलेलं, ओठ पांढरे. माणसं जमली.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काळजी होती, मी खोटं बोलणार नाही. पण काळजीच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं.

"बघ एडविन," त्या म्हणाल्या. "गव्हाचा कन न्हाई पोटात. हिनं सोता परात घासून, हात धुऊन भाकर केली. सगळ्यांनी बघितलं. तरी पोर ओकली. मग गहू कुठं आला? सांग की! गहू न्हाईच. हिच्या डोक्यातलं खूळ हाय सगळं."

"मी कधीची हेच सांगतेय," माधुरी म्हणाली.

ह्यांनी शॅरनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हणजे दोन वर्षं आपण..." ते म्हणाले. "बास झालं. उद्या सकाळच्या एसटीनं तिला मिरजगावला सोडतो. आई, तिला घरातलं सगळं खायला घाल. सगळं."

एक वाक्य होतं. पिठात गहू होता, ही पोर मला सांगत होती, मी ऐकलं नाही. एवढंच. एवढं मी बोलले असते तर बायडाबाई साक्षीला होती, सगळ्यांचं तोंड बंद झालं असतं, पोर वाचली असती. मला फक्त त्या दोघींपुढं चुकले म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. माधुरी माझ्याकडंच बघत होती, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मी तोंड मिटलं.

"पप्पा," शॅरन म्हणाली.

ती माझ्या मांडीवरून उठून बसली. हनुवटीला ओकारी लागलेली.

"मम्मीच्या भाकरीनं नाही झालं. मी पुरी खाल्ली. आत्याच्या ताटातली. आत्या पाणी आणायला गेली तेव्हा. दोन खाल्ल्या. गव्हानंच झालं. मला गहू चालत नाही, पप्पा. मला मिरजगावला नका पाठवू."

सासूबाई ताटातल्या पुऱ्या आठवत असल्यासारख्या माधुरीकडं बघायला लागल्या. ह्यांचा चेहरा लाल झाला. दिवसभर कुणावर निघाला नव्हता तो सगळा राग त्यांच्या हातात आला, आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

"चोरून खातेस? तुझी आई दिवसभर चुलीपुढं मरते आणि तू चोरून खातेस?"

शॅरन रडली नाही. गालावर हात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटत असावं की आता मी काहीतरी बोलेन. सगळ्या जगाशी भांडणारी तिची मम्मी.

मी पदर ओला केला, तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "चल, फ्रॉक बदलून घे."