मोहरीएवढे छिद्र

मित्रांनो, मला पाहिलेत तर मी तुम्हाला एक मोठे टेबलच वाटेन. लोखंडी, अवजड आणि चारी बाजूंनी जागा अडवणारे. मला आत घेण्यासाठी दाराची चौकट काढावी लागली होती. त्या दिवशी हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मला माझ्या आकाराची लाज वाटली. पण मी टेबल नाही. कारखान्याच्या कागदांवर माझे नाव यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर असे आहे. काच, लाकूड, पत्रा, फरशी, जे काही माझ्या पाठीवर सपाट ठेवाल त्यावर मी छापतो. एक गाडा माझ्या अंगावरून इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटातून शाईचे बारीक थेंब पडतात आणि मागोमाग जांभळा दिवा फिरतो. त्या दिव्याच्या उजेडात शाई जागच्या जागी घट्ट होते. नुसत्या हवेने ती वाळत नाही. एवढे कृपा करून ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे महाभारत त्यावरूनच घडले.

मला विकत आणले ते एका भाचीने आणि चालवले ते तिच्या मामांनी. मामा मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेले. ब्रश एकदा टेकवला की रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही, अशी त्यांची शिस्त होती. मग हाताने रंगवलेल्या पाट्या कोणाला नकोशा झाल्या आणि मामा घरी बसले. भाचीने छापखाना काढला तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू ये. रंगातलं तुझ्याइतकं मला कळत नाही." मामा आले, पण पहिले पंधरा दिवस माझ्याकडे पाठ करून बसले. माझ्यासारख्यांनीच त्यांच्या पोटावर पाय आणला होता. त्यांचा राग मला कळत होता.

मग एकदा मी काचेवर एक मोराचे पीस छापले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून ते जवळून पाहिले, बराच वेळ पाहिले आणि कोणी ऐकत नाही अशा बेताने म्हणाले, "हात बरा आहे तुझा." त्या दिवसापासून आमचे जमले. मामा मला रोज मऊ फडक्याने पुसत. गाड्याच्या रुळावरची धूळ कोरड्या ब्रशने काढत. पांढऱ्या शाईतला रंग तळाशी बसतो, म्हणून रोज सकाळी तिचे झाकण काढून ती हलक्या हाताने ढवळत. भाची पाहुण्यांना सांगायची, "मामा आहे म्हणून मला मशीनची चिंता नाही." ते ऐकले की मामा उगाच फडके धुवायला जात.

आता माझे पोट तुम्हाला दाखवतो. माझ्या पायथ्याशी जाड प्लॅस्टिकचे डबे आहेत, प्रत्येक रंगाला एक. पंप त्यांतली शाई ओढतो, ती गाळणीतून जाते आणि नळीने गाड्यावरच्या छोट्या टाकीत पोचते. टाकीत एक गोळा तरंगतो. शाई कमी झाली की गोळा खाली बसतो आणि पंपाला हाक जाते. हाक देऊनही शाई आली नाही, तर मी लाल दिवा लावतो आणि किंचाळतो. एवढीच माझी भाषा. शाई येत नाही हे मला सांगता येते, का येत नाही हे सांगता येत नाही. आणखी एक. प्रत्येक डब्याच्या झाकणाला मोहरीएवढे छिद्र असते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा त्या छिद्रातून आत येते. हवा आत आली नाही, तर डबा शाई सोडत नाही.

एके दिवशी शेजारच्या गाळ्यात सुतार आले आणि लाकूड घासू लागले. भुसा आमच्या खिडकीपर्यंत उडू लागला. मामांचा जीव खालीवर झाला. त्यांनी खिडकी लावली, माझ्यावर चादर घातली, आणि मग त्यांची नजर पांढऱ्या शाईच्या झाकणावरच्या छिद्राकडे गेली. रंगाचा डबा उघडा राहिला की त्यावर साय धरते आणि पांढऱ्यात पडलेला कण लगेच दिसतो, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेले होते; माझी शाई हवेने वाळत नाही, हे ते त्या क्षणी विसरले. त्यांनी पांढऱ्या टेपचा तुकडा कात्रीने गोल कापला आणि छिद्रावर चिकटवला. तो इतका सफाईने कापला होता की झाकणावर झाकणाचाच भाग वाटावा! मामांनी अंगठ्याने तो दाबला आणि समाधानाने मान हलवली. मी मात्र त्या क्षणापासून गुदमरू लागलो.

त्रास एकदम सुरू झाला नाही. सकाळी मामा झाकण काढून शाई ढवळत, तेव्हा हवा आत जाई आणि मी दोन-तीन तास छान छापत असे. मग डब्यातून ओढ बसू लागे. पांढऱ्या रेघा विरळ होत, थेंब चुकत आणि शेवटी लाल दिवा लागे. मामा धावत येत आणि शाई संपली की काय म्हणून झाकण उघडत. उघडताना फुस्स असा आवाज होई. तो ऐकून ते खूश होत. "झाकण कसं घट्ट बसलंय बघ," ते मलाच सांगत. त्या आवाजाबरोबर मी पुन्हा श्वास घेई आणि पुन्हा चालू लागे. मित्रांनो, रडू येईल अशी ती गंमत होती. रोज तेच हात मला सोडवत आणि झाकण लावून तेच हात मला पुन्हा कोंडत.

दुरुस्तीवाला आला. टॉर्च दातांत धरून बोलणारा, कामाचा माणूस. त्याने पहिल्यांदा पांढऱ्या शाईचे झाकण काढून कागदावर उलटे ठेवले आणि मग तपासणी सुरू केली. गाळणी बदलली. नळीचे सांधे तपासले. गोळा साफ केला. चाचणीची रेघ अगदी सलग आली आणि तो गेला. दुपारी पुन्हा लाल दिवा. तो परत आला तेव्हा म्हणाला, "पंपाचा दम गेलाय, ताई." पंप बदलला. त्याच्यासमोर मी पुन्हा शहाण्यासारखा चाललो.

"तुम्ही असलात की चालतं, तुम्ही गेलात की बंद," भाची चिडून म्हणाली. "मशीन तुम्हाला घाबरतं का?"

तो ओशाळला. चौथ्या खेपेनंतर तिने त्याच्या साहेबांकडे तक्रार केली आणि त्याचे आमच्याकडे येणे बंद झाले. मग तिने दुसरा निर्णय घेतला. मला देऊन टाकायचे आणि बदल्यात नवे यंत्र आणायचे. मामांवरही आता तिचा आवाज चढू लागला. "तू लक्ष ठेवतोस ना, मामा?" ती विचारायची. मामा नुसते हो म्हणत आणि मला आणखी जोराने पुसत. मी गेलो तर नव्या यंत्राबरोबर त्याचा शिकलेला माणूस येणार होता, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

नेमके तेव्हाच माझ्याकडे आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम आले होते. दृष्टिहीन मुलांच्या शाळेची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिच्या प्रत्येक दाराशी, प्रत्येक वळणावर बोटांनी वाचायच्या पाट्या लावायच्या होत्या. पांढऱ्या शाईचे थरावर थर देऊन मी उंच ठिपके आणि रेघा उठवतो. तीन जाड रेघा म्हणजे थांब, पुढे जिना. दोन रेघा म्हणजे पुढे दार, चालत राहा. पहिली खेप शाळेच्या बाईंकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच ती परत घेऊन आल्या. त्यांनाही दिसत नव्हते. त्यांनी जिन्याची पाटी मामांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मामा, डोळे मिटून मोजा."

मामांनी डोळे मिटले. त्यांचे बोट पहिल्या रेघेवरून गेले, दुसरीवरून गेले आणि पुढे नुसतेच घसरले. तिसरी रेघ इतकी पातळ होती की बोटाला लागतच नव्हती.

"माझी मुलं इथे दार समजून पाय टाकतील," बाई म्हणाल्या.

मामा खाली बसले. माझ्या अंगात रक्त असते तर ते त्या वेळी गोठले असते. बाहेरच्या खोलीत भाची मला घेऊन जाणाऱ्या माणसाशी फोनवर बोलत होती. आत फक्त बाई, मामा आणि मी.

बाईंनी सगळ्या पाट्या मांडीवर घेतल्या. "छापल्या त्याच क्रमाने आहेत ना?"

"हो. मी एकावर एक रचत गेलो."

त्या एकेक पाटी चाचपून बाजूला ठेवू लागल्या. "जाड. जाड. जाड. ही जरा पातळ. ही तर गेलीच. आणि ही... पुन्हा जाड." त्या थांबल्या. "मामा, या दोन पाट्यांच्या मधे तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. जेवलो."

"आणि मशीन?"

"ते कुठं जेवतंय!" मामा कसेबसे हसले. "आल्यावर शाई किती आहे ते बघितलं आणि चालू केलं."

"बघितलं म्हणजे कसं?"

"झाकण उघडून. फुस्स झालं, शाई होती, परत..." मामांनी हवेतच झाकण फिरवून दाखवले. त्यांनी माझ्या डब्यांकडे पाहिले. काळा, निळा, लाल, पिवळा. चारही झाकणांवर छिद्र. पाचव्यावर नाही.

ते गुडघ्यांवर बसले आणि नखाने टेपची कड उचलली. टेप सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि डब्याने मोठा घोट घेतल्यासारखी हवा आत ओढली. मामा तो तुकडा बोटावर घेऊन तसेच बसले. तो सहज खिशात गेला असता. दुरुस्तीवाला नव्हता, भाची बाहेर होती. उद्या मी सुरळीत चाललो असतो तर यंत्राचे नशीब म्हणून सोडून देता आले असते आणि मामांची अब्रू शाबूत राहिली असती.

बाईंनी आवाज ऐकला होता. त्या पाट्यांच्या कडा जुळवत हळूच म्हणाल्या, "मी काही पाहिलेलं नाही हं, मामा."

मामा उठले. बाहेरच्या खोलीत गेले.

"बाळ, फोन ठेव."

"मामा, एक मिनिट..."

"ठेव म्हणतो ना!" त्यांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "शाई मी अडवली होती. मशीनचा दोष नाही, त्या दुरुस्तीवाल्याचा तर नाहीच नाही. भुसा जाईल म्हणून मी भोक बंद केलं. रंगाचा डबा झाकतात तसं. मला वाटलं, मी जपतोय."

भाचीने तो टेपचा तुकडा पाहिला. मग ती खुर्चीत बसली. "मामा, मी त्या माणसाला काय काय बोलले रे!"

"मला लावून दे. मी बोलतो."

त्यांनी दुरुस्तीवाल्याला सगळे सांगितले आणि मग बराच वेळ फोन कानाशी धरून ऐकत राहिले. तो काय म्हणाला मला कळले नाही. मामा मधूनमधून एवढेच म्हणत होते, "बरोबर आहे तुमचं. बरोबर आहे." मग त्यांच्या सांगण्यावरून भाचीने त्याच्या साहेबांनाही फोन केला.

नंतर ती मामांना म्हणाली, "आजपासून मशीनला काही लावायचं, काढायचं असेल तर आधी मला विचारायचं." ज्या मामांनी तिला बोट धरून चालायला शिकवले, त्यांना हे लागले असणार. पण त्यांनी मान डोलावली. मग दाराशी अडखळून विचारले, "उद्या येऊ ना मी?"

"न येऊन कसं चालेल? बाईंच्या पाट्या कोण छापणार?" ती म्हणाली आणि रडली.

पाट्या आम्ही पुन्हा छापल्या. प्रत्येक पाटी मामांनी डोळे मिटून, बोटाने तपासून दिली. मला न्यायला येणारा माणूस आला नाही.

मित्रांनो, आता माझे रूळ झिजले आहेत आणि माझा वेग कमी झाला आहे. मामाही बसूनच काम करतात. मला पुसा, माझी शाई ढवळा, एवढे तर मी तुम्हाला सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. एखादी वस्तू तुमच्या हातून बिघडेल. कधी दुर्लक्षाने बिघडेल, कधी फार जपताना बिघडेल. तेव्हा तुमच्याकडे कोणी पाहत नसेल. वस्तूवर खापर फोडणे सोपे असते, कारण ती उलट बोलत नाही. समोर नसलेल्या माणसावर फोडणेही तितकेच सोपे असते. मामांनी त्या दिवशी तुकडा खिशात घातला असता, तर त्या चांगल्या कारागिरावरचा डाग तसाच राहिला असता आणि मी भंगारात गेलो असतो. आम्ही वस्तू कोणावर रागावत नाही. आम्हाला फक्त वाट पाहता येते, कोणीतरी पुढे येऊन "हे माझ्या हातून झालं" असे म्हणण्याची.