भुऱ्याचा आनंद

विश्वंभर ड्युटीवरून दांडिया बाजारातल्या घरी आले, की त्यांचा कुत्रा भुऱ्या आनंदाने धावत सुटायचा आणि वाटेतच कोसळून झोपी जायचा. त्यांच्या पत्नी शालिनीताई पहिल्यांदा घाबरल्याच होत्या.

"मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन असतं, काकू. ते याच्यात फार कमी आहे," डॉक्टर म्हणाले होते. "खूप आनंद झाला, की हा असा पडणार."

श्रावणात विश्वंभर हृदयविकाराने गेले. त्यानंतर महिनाभर भुऱ्या एकदाही कोसळला नाही.

"बरा झाला वाटतं!" शेजारची श्रद्धा म्हणाली.

 शालिनीताईंनी दूधपोळी कालवली, दाराशी बसलेल्या भुऱ्याजवळ फरशीवर बैठक मारली आणि त्याला एकेक घास भरवू लागल्या.