विमलाबाईंनी लावलेली कडी

मी संडासाचं भांडं बोलतोय. हो, तेच. दोन्हीकडे पाय ठेवून उकिडवं बसायचं, आपलं देशी. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. रोज सकाळी पोट धरून माझ्याकडे पळत येता आणि चारचौघांत माझं नाव काढायची वेळ आली की तुम्हाला एकदम सभ्यता आठवते. तुमच्या या सभ्यतेची मला चांगली ओळख आहे. ती दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवूनच तुम्ही आत येता.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. पांढरी माती, साचा, मग जाळ आणि वरून फिकट हिरवा चकचकीत थर. त्याच मातीचे शेजारच्या कारखान्यात चहाचे कप व्हायचे. ते तुमच्या ओठांना लागतात आणि माझ्याकडे बघून तुम्ही थुंकता. माती तीच, पण मान ज्याच्या त्याच्या नशिबाचा.

पेंढ्यात गुंडाळून मला डोंबिवलीला आणलं. पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या गल्लीत नवीन इमारत उठत होती. तळमजल्यावरचं घर दौलतरावांनी घेतलं होतं. माणूस मूळचा राजापूरकडचा, एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत सुपरवायझर, उंच, आवाज मोठा, आणि घरात त्याच्या शब्दाबाहेर पाल चुकचुकायची नाही. खालचा पाइप नीट बसावा म्हणून गवंड्याने दीड वीत उंच ओटा बांधला आणि त्यात मला बसवलं. वास्तुशांतीच्या दिवशी दौलतरावांनी माझ्या दारावर जुनी चादर टांगली. का, तर देवाला मी दिसू नये. पूजा आटोपल्यावर पहिला लोटा घेऊन आत आले ते स्वतः भटजी.

पुढे मी माणसं ओळखायला शिकलो. बाहेर गर्जना करणारा आत किती मुकाट बसतो, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. दौलतराव पेपर घेऊन बसायचे. बाहेर कोणी दार वाजवलं की "माणसाला शांतपणे बसू पण देऊ नका!" म्हणून ओरडायचे. त्यांचा मुलगा साईनाथ मोबाइल घेऊन बसायचा आणि पाय बधिर झाल्यावर भिंत धरून उठायचा. पाणी ओतताना दोघांचाही हात आखडता. वापरायला मी सगळ्यांचा, पण घासायला एकट्या विमलाबाईंचा.

विमलाबाई म्हणजे दौलतरावांच्या पत्नी. दर शनिवारी पदर खोचून त्या ब्रश घेऊन यायच्या आणि मला कोपऱ्याकोपऱ्यातून घासायच्या. घासताना मालवणी गाऱ्हाण्यासारखं काहीतरी पुटपुटायच्या. मला आवडायचं ते. या घरात मला माणूस म्हणावं असं एवढंच एक मिळालं.

मग त्यांचे गुडघे गेले.

आधी त्या नळ धरून उठायच्या. नंतर बादली पालथी घालून तिच्यावर हात टेकून उठायला लागल्या. मग तेही जमेना. बसता यायचं, पण उठता यायचं नाही. दाराला आतून दोन कड्या होत्या, उंचावरची बाकीच्यांची आणि खालची ठेंगण्या विमलाबाईंची; शेवटी त्यांनी ती लावणं सोडलं. दार नुसतं लोटून बसायच्या आणि झालं की बारीक आवाजात सुनेला हाक मारायच्या, "योगिनी, हात दे गं."

योगिनी यायची, तोंड फिरवून हात द्यायची, उचलायची. पोरगी वाईट नव्हती. पण सत्तरीला आलेल्या बाईला रोज सकाळी उघड्या दाराआड बसावं लागतं, याची लाज काय असते ते मी त्यांच्या थरथरत्या पोटऱ्यांवरून बघत होतो. विमलाबाईंनी त्यावर एक उपाय काढला. चहा अर्धा कप घ्यायला लागल्या आणि दुपारनंतर पाणी बंद केलं. तहानेने ओठ सुकायचे. दौलतराव म्हणायचे, "हिला हल्ली भूक-तहान नाही. वय झालं." धन्य आहे!

कमोडचा विषय योगिनीनेच काढला. मी इथून सगळं ऐकत होतो.

"बाबा, आईंसाठी कमोड बसवूया ना. किती त्रास होतो त्यांना."

"कमोड?" दौलतराव म्हणाले. "एकाच बैठकीवर सगळ्या घरादाराने मांड्या टेकायच्या? ओवळं सगळं! आणि भिंतीच्या पलीकडे देवघर आहे. वास्तूला चालत नाही ते."

"पण ऑफिसात सगळे..."

"ऑफिसात चालेल. या घरात देव आहेत."

साईनाथ सोफ्यावरून म्हणाला, "करू गं, गणपती झाले की बघू." गणपती झाले. मग दिवाळी झाली की बघू. मग लेकीची, सान्वीची परीक्षा. या साईनाथाला कोणी विचारलं असतं, आईवर प्रेम आहे का रे, तर डोळ्यांत पाणी आणून हो म्हणाला असता. असली प्रेमं मी खूप बघितली. माझ्यातूनच वाहून जातात ती.

मध्ये योगिनीने मेडिकलवाल्याकडून भोकाची खुर्ची आणली. पण माझा ओटा अरुंद. खुर्चीचे दोन पाय वर, दोन पाय अधांतरी. ती गेली परत.

एका रविवारचं सांगतो. दौलतरावांच्या गावच्या मंडळाची माणसं आली होती. देवळापुढे कमान बांधायची, तिच्यावर कोणाची नावं घालायची, यावर हॉलमध्ये चर्चा रंगली होती. दौलतराव सांगत होते की हल्लीच्या पोरांना मोठ्यांची सेवा माहीत नाही. योगिनी दळण आणायला गेली होती, साईनाथ बाहेर होता. आत विमलाबाई बसल्या होत्या. उठता येईना. त्यांनी आधी योगिनीला हाक मारली, मग जरासा आवाज चढवून म्हणाल्या, "अहो... जरा हात द्या हो."

हॉलमधला आवाज थांबला. दौलतरावांनी ऐकलं होतं. मला ते थांबणं अजून आठवतं. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हां, तर कमानीला ग्रॅनाइट लावूया. टिकतं." माणसं पुन्हा बोलायला लागली. विमलाबाई नळ धरून तशाच बसून राहिल्या. पदराचा बोळा तोंडात धरून रडत होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाहुण्यांचा चहा चुकला याचीही त्यांना काळजी. योगिनी दळण घेऊन आली आणि तिने विचारलं, "आई, कधीपासून बसलाय?" तर म्हणतात, "आत्ताच गं."

त्या दिवशी मी स्वतःलाच म्हणालो, अरे, कोणीतरी मला फोडा! मला माझ्या चकचकीत हिरव्या रंगाचा गर्व होता, कमोड नावाच्या त्या फुगीर पाहुण्याचा तिटकारा होता. पण त्या बाईला माझ्यावरून उठता येत नाही आणि उठवायला नवरा येत नाही, हे बघण्यापेक्षा भंगारात गेलेलं बरं.

मला फोडायला शेवटी काय कारण झालं, ऐका. दौलतरावांना हर्निया निघाला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "काही महिने खाली बसायचं नाही, जोर करायचा नाही. घरी कमोड आहे ना?"

बस्स! त्याच संध्याकाळी प्लंबर घरात हजर. देवघराची भिंत होती तिथेच होती, वास्तूही तीच होती. ओवळं मात्र कुठे गेलं कोणास ठाऊक. साईनाथानेही या वेळी गणपती-दिवाळी काही काढलं नाही. बाईचे गुडघे झिजले तर ते वय, बाप्याचं पोट दुखलं तर ती इमर्जन्सी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हे असं.

प्लंबर कुंडलिक हा एक नमुनाच. त्याने ओट्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "काका, ओटा फोडला तर खालचा ट्रॅप, पाइप, लादी, सगळं उकरावं लागेल. दोन-तीन दिवस जातील. त्यापेक्षा ह्याला काढतो आणि कमोड ओट्यावरच ठेवून देतो. एकदम सिंहासन! काय टेन्शन नाय."

"उंचच बरा," साडेपाच फुटांच्या वर दोन-चार इंच असलेले दौलतराव म्हणाले. "मला वाकायलाच नको."

विमलाबाईंना कोणी विचारलं नाही. त्या दारात उभ्या होत्या, भिंतीला धरून, आणि खुलल्या होत्या. बिचारीला वाटलं, निमित्त कोणाचं का असेना, आपलीही सोय होतेय.

कुंडलिकने छिन्नी लावून मला उचकटलं. माझी पाय ठेवायची डावी बाजू तुटली. बाकी अख्खा निघालो. त्याने मला मागच्या मोकळ्या पट्टीत, संडासाच्या खिडकीखालीच टाकून दिलं. खिडकीच्या काचा तिरक्या, त्यामुळे आतलं सगळं मला अजून ऐकू येतं.

ऑपरेशन करून दौलतराव घरी आले आणि सिंहासनावर विराजमान झाले. खूश होते. पेपरसुद्धा परत सुरू झाला. मग विमलाबाईंची पाळी आली. दीड वीत ओटा चढायचा, त्यावर हा उंच कमोड. योगिनीने मागून धरून कशीबशी चढवलं. बसल्या तर पाय लोंबकळायला लागले, जमिनीला टेकेनात. उतरायचं कसं? पुन्हा दार लोटलेलं, पुन्हा तीच हाक, "योगिनी, हात दे गं." खिडकीखाली पडल्यापडल्या मला कळलं की माझा बळी फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा अर्धा कपही घेतला नाही.

चार दिवसांनी कुंडलिक टाकीतलं गळतं पाणी बघायला आला. त्याने फ्लश दाबला, समाधानाने मान हलवली आणि निघाला. तेव्हा विमलाबाईंचा आवाज आला. बारीक नाही, चांगला खणखणीत.

"कुंडलिक, थांब. हा ओटा फोड."

"आजी, आत्ताच तर बसवलाय."

"काढ. ओटा फोड आणि हे जमिनीला बसव. माझे पाय टेकले पाहिजेत."

दौलतराव हॉलमधून आले. "काय चाललंय? मला जमतंय की!"

"तुम्हाला जमतंय, माहितेय मला," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना वास्तू आडवी आली, देव आडवे आले. तुमच्या पोटाला कोणीच नाही आलं आडवं."

"अगं, पण मी ऑपरेशनचा माणूस. दोन-तीन दिवस घरात संडास नाही म्हणजे मी जायचं कुठे?"

"समोर आवडाबाईंकडे कमोड आहे, तिकडे जा. मी इतकी वर्षं दार उघडं टाकून बसले. तुम्ही तीन दिवस शेजारी जा, तेही कडी लावून."

विमलाबाईंनी एक स्टूल ओढलं आणि संडासाच्या दारातच मांडून बसल्या. "फोड रे," त्या म्हणाल्या. साईनाथ काहीतरी पुटपुटत पुढे झाला तर योगिनी त्याला म्हणाली, "तू गप बस. गणपतीनंतर बोल." मला हसू आवरेना.

घाव बसायला लागले तसा माझा ओटा ढासळला. माझा आयुष्यभराचा पाट तो, पण मला जराही वाईट वाटलं नाही. पुढचे तीन दिवस दौलतराव खांद्यावर टॉवेल टाकून, मान खाली घालून आवडाबाईंची बेल वाजवत होते. आवडाबाई दर वेळी दारातून आत ओरडून सांगायच्या, "अगो, दौलतराव इलेत हो, संडासाक!" सगळ्या मजल्याला कळायचं. त्यांची ती मुद्रा बघायला मी तिथे हवा होतो.

आता मी इथेच असतो. माझ्यात माती भरून विमलाबाईंनी योगिनीकडून अळू लावून घेतलाय. माझ्या खोलगट पोटात ओल टिकते, त्यामुळे पानं सुपासारखी झालीत. दौलतराव अळूवड्या खाताना म्हणतात, "वा! कोकणातलाच अळू!" कुठे उगवतो ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ओवळं होईल ना!

माझं एकच मागणं आहे. माझ्यासाठी नाही, मला काय, मी मातीचा आणि मातीतच आहे. तुमच्या घरात कोणी चहा अर्धाच घेत असेल, दुपारनंतर पाणी पीत नसेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आधी जाऊन संडासाच्या दाराची कडी बघा. वापरात आहे की गंजलीय?

इथली खालची, विमलाबाईंची, गंजली होती. नवीन कमोड जमिनीला बसला त्या सकाळी विमलाबाई भरलेला कप चहा पिऊन एकट्या आत गेल्या. कडी सरकेना. परत बाहेर आल्या, बोटावर खोबरेल घेऊन गेल्या, कडीला चोळलं आणि खट्कन लावली. पाय जमिनीवर टेकवून त्या बसल्या. बराच वेळ नुसत्याच बसल्या असाव्यात, कारण पाण्याचा आवाज आला नाही. तेच ते गाऱ्हाण्यासारखं पुटपुटणं मात्र ऐकू आलं.

थोड्या वेळाने दौलतरावांनी दार वाजवलं. "अगं, आटप की!"

"थांबा," आतून आवाज आला. "मी बसलेय."